क्लचला दिलेला घास

दाब

"पाना मिळायचा न्हाई, ताई," दस्तगीर मुल्लाणी म्हणाला. "सांजच्याला या. सोनं वाटून झालं की पहिला पाना तुमच्याच गाडीला लावतो."

गगनबावड्याच्या नाक्यावरचं त्याचं पंक्चरचं दुकान उघडं होतं, पण आत काम काहीच चालू नव्हतं. गोणपाटावर पाने, पकडी, टायर उचकटायच्या पट्ट्या, हवा भरायचा पंप, सगळं हळदकुंकू लावून ओळीनं निजवलेलं. वर झेंडूची फुलं. काल खंडेनवमी झाली होती, आज दसरा. आमच्याकडं नवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"नुसता स्क्रू ड्रायव्हर द्या. एक झाकण उघडून बघते आणि लगेच ठेवते."

"माझ्या वस्तादानं लावून दिलेली रीत हाय. सुतार होता त्यो. आता मी मोडली तर लोक काय म्हणतील? मुल्लाण्यानं मोडली म्हणतील."

तरी तो बाहेर आला. डाव्या हँडलवरचा क्लचचा लिव्हर त्यानं दाबला, सोडला. लिव्हर परत आला, पण झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. त्यानं पुन्हा दाबून बघितला आणि माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो परत येईना की नीट. ह्यात काय घातलंय?"

रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर तात्या आमच्याकडं पाठ करून उभे होते. माझे वडील. नवी टोपी, इस्त्रीचा शर्ट. आमच्या गावाहून, कळ्याहून, ते मोटारसायकलवर माझ्या मागं बसून आले होते, आणि शेवटच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी ओढत नव्हती. म्हणून मी थांबले होते. रस्ता ओलांडता ओलांडता मुल्लाणीच्या प्रश्नाचं उत्तर मला मधल्या मधेच सुचलं.

"तात्या, काल गाडीचीबी पूजा केलासा?"

"केली की."

"घास दिला?"

"सगळ्यास्नी दिला. तिला का न्हाई द्यायचा?"

घास ही आमच्या घरातली, म्हणजे तात्यांची, रीत. ते धरणाच्या कामावर पोकलेन चालवायचे आणि यंत्र हे जनावरासारखं असतं असं मानायचे. नवमीला प्रत्येक यंत्राचं झाकण उघडून त्यात पळीभर तेल सोडायचं. शिलाई मशीनला शिलाई मशीनचं, पाण्याच्या इंजिनाला इंजिनाचं. आणि ज्यात हायड्रॉलिक असेल, म्हणजे जॅक, ट्रॅक्टरची लिफ्ट, ट्रॉली, त्याला हायड्रॉलिकचं.

"कुठलं तेल घातलं?"

"पोकलेनचं. नवा डबा फोडला तिच्यासाठी."

"तात्या, त्यात ते चालत न्हाई. त्यात ब्रेकचं तेल लागतं, झाकणावर तसं कोरलंय. ह्या तेलानं आतली रबरं फुगतात. मी मागं सांगितलं होतं तुम्हाला."

"त्या तेलावर पोकलेनचा हात खडक उचलतोय," तात्या चहावाल्याला म्हणाले, मला नाही. "आणि हिचा एवढासा क्लच त्यानं आजारी पडतोय."

चहावाला हसला. मीही हसले असते, पण माझं लक्ष उजव्या हँडलकडं गेलं होतं. तिथं तशीच दुसरी टाकी होती, पुढच्या ब्रेकची. तसंच झाकण, तसेच दोन स्क्रू, पोटाला तेल दिसायला तसलंच गोल भिंग. माहीत नसलेल्याला दोन्हींत फरक कळला नसता.

"आणि उजव्या बाजूच्या टाकीत?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला.

"न्हाई."

"नक्की न्हाई?"

"एकदा सांगितलं न्हवं."

आमच्या घरात या वाक्याच्या पुढं कोणी जात नसे.

धर

साध्या गाडीच्या क्लचला तार असते. या गाडीला तारेच्या जागी नळी होती आणि नळीत तेल. लिव्हर दाबला की तेल खाली इंजिनापाशी जातं, तिथला दट्ट्या ढकलतं, दट्ट्या क्लच उघडतो. सोडला की सगळं उलट. तेल जुनं झालं की कोऱ्या चहासारखं काळं पडतं, पाणी धरतं, कुठून तरी हवा आत घेतं. मग लिव्हर कणकेत बोट घातल्यासारखा लागतो. म्हणून दर वर्षी तेल बदलायचं आणि हवा काढायची. हे दोघांचं काम आहे. एकानं वर लिव्हर दाबायचा आणि धरून ठेवायचा. दुसऱ्यानं खाली दट्ट्यापाशी असलेलं निपल पान्यानं उघडायचं, काळं तेल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचं. मग पहिल्यानं लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर गेलेली हवा परत आत.

वर आई असायची, स्टुलावर. खाली मी, अंगणात उताणी.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय. आटप बाई, तव्यावर भाकरी हाय."

"मी सांगितल्याशिवाय सोडू नको."

"तुझ्या बापासंगं इतकी वर्सं धरून बसले, हे काय जड हाय व्हय?"

गाडी धरणावरच्या एका साहेबाची. जपानी, तेव्हाच जुनी. काम संपल्यावर साहेब परदेशी गेला, जाताना तात्यांना देऊन गेला. तात्यांना दोन चाकं चालवता येत नव्हती. तसं ते म्हणत नसत. "दोन चाकाचं मला पटत न्हाई" म्हणत. चालवायला मी शिकले, दुरुस्तीही मीच शिकले.

मग आईचा खांदा मोडला. माडीच्या शिडीवरून पडली. प्लास्टर निघाल्यावर विश्रांतीला म्हणून घाट उतरून खाली वैभववाडीजवळ भिकाजीमामाकडं गेली ती परत आलीच नाही. मामाचा निरोप यायचा, अजून बरं वाटत नाही म्हणते. शिमगा गेला, गौरी-गणपती गेले. वर लिव्हर धरायला कोणी नाही म्हणून त्या वर्षी क्लचचं तेलही तसंच राहिलं.

तात्या तिचं नाव काढत नसत. ते रागावले की ओरडत नसत, हात तर त्यांनी आमच्यावर कधीच उचलला नाही. फक्त जी गोष्ट त्यांच्या हातून बिघडली ती घरात पुन्हा कोणी बोलायची नाही. कोरडी निघालेली विहीर बोलायची नाही. काकांशी का तुटलं ते बोलायचं नाही. असं करत करत आमच्या घरात बोलायच्या गोष्टी फार थोड्या उरल्या होत्या. भीती वाटायची ती याची, की आपल्या तोंडून चुकून त्यातलं काही निघेल आणि ते जेवता जेवता हात धुतील.

आणि काल नवमीच्या दुपारी, पूजा झाल्यावर, पानावर बसता बसता ते म्हणाले, "उद्या सीमोल्लंघन. खाली जाऊन येऊ. तुझ्या आईला घेऊन येऊ."

मी वर बघितलं नाही. बघितलं तर ते शब्द मागं घेतील असं वाटलं.

म्हणून गगनबावड्याला मी फार ताणलं नाही.

"गाडी इथंच ठेवू. एष्टीनं उतरू खाली."

"एष्टीनं सासुरवाडीला? लोंबकळत?" तात्या म्हणाले. "तुला थांबायचं तर थांब. मी आल्या वाटेनं घरी चाललो."

आणि खरंच कोल्हापूरच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

मी उजव्या टाकीच्या भिंगाला डोळा लावला. तेल काठोकाठ होतं. मागं एवढं होतं का, ते आठवेना. भिंग जुनं होऊन पिवळं पडलेलं. आतलं तेल पिवळं की काच पिवळी, कळेना.

तोपर्यंत इंजिन गार झालं होतं. लिव्हर आता बऱ्यापैकी परत येत होता. मुल्लाणी दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं तळहात खाली करून हवेत दाबला. सावकाश.

दाब

करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली सगळं कोकण दिसतं. त्या दिवशी धुकं होतं, त्यामुळं नुसतं पांढरं दिसत होतं आणि त्यात रस्ता उतरत होता. दोन्ही अंगाला पुरुषभर गवत, पावसाळ्यात फुटलेल्या रस्त्याच्या कडेला जागोजाग खडीचे ढीग टाकलेले.

मी दुसऱ्या गियरमध्ये सोडली. उतारावर इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, तोच खरा ब्रेक. त्याशिवाय पायाखाली मागचा ब्रेक, तो सळईचा, त्यात तेलाचा संबंध नाही. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. सवयीनं दोन बोटं तिकडं जायची, मी ती आखडून घ्यायची.

पहिली वळणं चांगली गेली.

"तुझी आई काय म्हणंल?" तात्या मागून म्हणाले.

त्यांनी मला कधी असं काही विचारलेलं नव्हतं. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणणार? तुम्ही स्वतः आलासा म्हटल्यावर येईल की."

"न्हाई म्हणली तर?"

"न्हाई म्हणायची न्हाई."

"भिकाजी बोलंल कायबाय. तू मधी बोलू नको."

"न्हाई बोलत."

"येताना ती नि मी एष्टीनं येऊ. तिचा खांदा हाय."

एष्टीनं, म्हणाले. तिच्या खांद्याचा त्यांनी विचार केला होता. मला एवढा आनंद झाला की मी पुढच्या वळणावर उगाचच हॉर्न वाजवला. ती नि मी, असं म्हणाले ते. मी मनातल्या मनात अंगणात स्टूल मांडलं, आईला वर बसवलं, आणि

इंजिनाचा आवाज उतरला.

धर

गाडी तशीच धावत होती. आवाज तेवढा उतरला. उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं तसं ते खाली गुरगुरत होतं आणि आम्ही मात्र उतारावर वेग घेत होतो.

मी एक्सलेटर पिळला. इंजिन किंचाळलं. गाडीला काही नाही.

लिव्हर मी दाबलेला नव्हता. बोट लावून बघितलं तर तो दगड झाला होता. आत रबर फुगलं होतं, त्यानं तेलाची परतीची वाट बुजवली होती, इंजिनाच्या उष्णतेनं तेल वाढत होतं, जायला जागा नाही म्हणून दट्ट्या ढकलत होतं. कोणी हात न लावता क्लच उघडत होता. इंजिन एकीकडं, चाक एकीकडं. निपल अर्धा आटा सैल केलं असतं तर सगळं सुटलं असतं. त्याचा पाना घरी पाटावर होता, झेंडूखाली.

"तात्या, क्लच गेला."

"मग थांबव."

"नुसत्या मागच्यावर थांबंना."

मी पायावर सगळा भार टाकला होता. दोन माणसं, जड गाडी, उतार. ब्रेक धरत होता, सोडत होता, आणि जळक्या चिंधीसारखा वास यायला लागला होता.

वळण. कशीबशी.

"तात्या, पुढच्यात घातलंय का न्हाई? खरं सांगा."

वारा.

पुढच्या ब्रेकमध्ये ते तेल गेलं असेल तर एक गोष्ट मला पक्की माहीत होती. जे क्लचचं झालं तेच त्याचं होणार. मी दाबीन, तो धरेल, आणि मग मी सोडला तरी सोडणार नाही. उतारावर, वळणावर, पुढचं चाक जागच्या जागी बसणार. आणि गेलं नसेल, तर तोच एक ब्रेक होता जो आम्हाला थांबवू शकत होता. दोन्हींतलं खरं काय ते त्या घाटात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माझ्या पाठीला टेकून बसला होता.

"तात्या."

"म्हटलं न्हवं एकदा."

म्हणजे नाही. म्हणजे दाबायला हरकत नाही. पण त्यांनी "दाब" म्हटलं नाही. मी वाट बघत होते. कोणीही म्हणालं असतं, अगं मग दाब की पुढचा. ते म्हणत नव्हते.

वळण. माझी चप्पल रस्त्याला घासून निघून गेली.

पायाखालचा ब्रेक आता नुसता खाली जात होता.

धुक्यातून खालून चिऱ्याचा ट्रक वर येत होता, मुंगीच्या चालीनं, काळा धूर सोडत. त्याच्या मागून एष्टी बाहेर पडली, त्याला ओलांडायला. दोघांनी मिळून रस्ता भरला. उजवीकडं दरीचा कठडा, तोही मधूनच पडलेला. एष्टीच्या ड्रायव्हरनं दिवे मारले. त्याला वाटलं मी थांबेन. कोणीही थांबलं असतं.

मी उजव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर टाकली आणि दाबायला

उघड

मागून एक हात आला. थंड, जाड, बोटांच्या पेरांवर घट्टे असलेला. त्यानं माझी बोटं धरली आणि लिव्हरवरून सोलून काढली.

"त्यो नको," तात्या माझ्या कानापाशी म्हणाले. "त्यातबी घातलंय."

ओरडले नाहीत. कोणाला पत्ता सांगावा तसं.

"खडी. डाव्या अंगाला. खडीत घाल."

मी घातली.

बंद

शुद्ध गेली नव्हती. मी ढिगाच्या पलीकडं गटारात होते, तोंडात धूळ, डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला. एष्टी आणि ट्रक जाताना जमीन हादरली, मग आवाज लांब गेला. इंजिन आडव्या गाडीवर अजून चालूच होतं. मी रांगत जाऊन ते बंद केलं.

तात्या खडीवर बसले होते. टोपी नव्हती. कपाळातून रक्त भुवईवर येत होतं. ते तळहातात रुतलेले खडे एकेक करून काढत होते, हरभरे निवडावेत तसे.

"वर का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी आणखी एक खडा काढून टाकला.

"तू थांबली असतीस."

"मग?"

"मग मी परत फिरलो असतो. आणि आज परत फिरलो असतो तर पुन्ना निघालो नसतो."

हे खरं होतं. मला ते तेव्हाही कळलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ओढणीचं टोक त्यांच्या कपाळावर दाबून धरलं. त्यांनी धरू दिलं. मी पंचवीस वर्षांची होते आणि त्यांच्या कपाळाला मी पहिल्यांदा हात लावत होते.

केळीचा रिकामा टेम्पो खाली चालला होता, तो थांबला. त्यातल्या माणसांनी गाडी ढिगातून ओढायला घेतली तर पुढचं चाक फिरेना. उचलून कडेला ठेवावी लागली. माझी दोन बोटं क्षणभर टेकली होती, तेवढ्यावर तो ब्रेक धरून बसला होता. पुढं कितीतरी दिवसांनी मी दोन्ही टाक्या उघडल्या. आतली रबरं फुगून गुळगुळीत झाली होती, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी. ती बदलली, नळ्या धुतल्या, नवीन तेल भरलं. तात्यांना जाऊनही आता वर्षं झाली. गाडी चालते.

टेम्पोत मागच्या फळ्यांवर बसल्यावर ते म्हणाले, "आईला सांगू नको."

"बरं."

मी मनापासून बरं म्हटलं. तिला घेऊन यायचं होतं ना. तेवढ्यासाठी एवढं झाकायला मी तयार होते.

मामाच्या दारात उतरलो तेव्हा जेवणवेळ झाली होती. मामा ओसरीवरून धावत आला. "अरे, ह्या काय झाला? खंय पडलास?"

आई दारात आली. ती आधी माझ्या हाताकडं बघत राहिली, मग तात्यांच्या कपाळाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काय झालं?"

मी तात्यांकडं बघितलं. काय सांगायचं ते त्यांनीच ठरवायचं, असं मला वाटत होतं. गाडी बिघडली म्हणतील. जुनी होती म्हणतील. म्हणू देत.

तात्या ओसरीच्या कट्ट्यावर बसले, मामीनं दिलेलं पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला.

"पोरीला सांगत होतो, सावकाश चालव," ते म्हणाले. "ऐकतीय कुठं."

सोड

आई मला मागच्या दारी न्हाणीपाशी घेऊन गेली. चुलीवरचं कोमट पाणी आणलं आणि माझा हात धुवायला लागली. उजव्या हातानंच. डावा हात तिचा खांद्याच्या वर जात नसे, त्यानं ती नुसता तांब्या धरत होती.

"जोरात चालवत होतीस?"

"न्हाई."

"मग त्यांनी काय केलं होतं?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी तीच म्हणाली, "पूजेत घातलं काय तरी?"

"तेल. चुकीचं."

"आणि तू विचारलंस."

"विचारलं. न्हाई म्हणाले."

"मग?"

"मग म्हणाले. घातलंय म्हणाले."

"केव्हा?"

"शेवटी. अगदी शेवटी."

आईचा हात थांबला.

"म्हणाले तर," ती म्हणाली. मग पुन्हा पाणी घालायला लागली. "तुझ्यापाशी म्हणाले तर."

परसात कोंबड्या फिरत होत्या. ओसरीवरून मामाचा आवाज येत होता, तात्यांचा येत नव्हता.

"वैजू, मी शिडीवर चढलेच न्हवते."

मला वाटलं ती दुसरंच काही सांगतेय.

"ते ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेत होते. मी हात करत होते, थांबा थांबा म्हणून. भिंत नि ट्रॉलीच्या मधी घावले. दवाखान्यात डोळं उघडलं तवा ते डॉक्टरला सांगत होते, शिडीवरनं पडली. म्हटलं असू दे, पोलीसबिलीस नको. घरी आले. तर मलाबी तेच सांगाय लागले. तू पडलीस. पायरी मोडली नि तू पडलीस. माडीवर जाऊन बघितलं तर एक पायरी खरंच मोडून ठेवलेली."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगणार होते. पण रोज ऐकून ऐकून महिन्याभरानं मला शिडी आठवाय लागली. पाय कसा घसरला ते आठवाय लागलं." तिनं माझ्या हातावर हळद दाबली. "तवा मी निघाले."

खडीवर बसून मी त्यांच्या कपाळाला ओढणी लावली होती ती अजून माझ्या गळ्यात होती, वाळून कडक झालेली. आज सकाळी मी सावकाश चालवत होते. दुसऱ्या गियरमध्ये. मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं. सावकाश चालवत होते, हॉर्न मात्र उगाच वाजवला होता. हॉर्न का वाजवला होता? वेग जास्त होता का? एका वळणावर थोडा होता का? मी तिथं न्हाणीच्या दगडावर बसून घाट पुन्हा उतरत होते आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी जास्त जोरात जात होती.

"झालं का न्हाई?" ओसरीवरून तात्यांचा आवाज आला. "तीनची एष्टी हाय. आवर म्हणावं तिला."

आई उठली. पदराला हात पुसले.

"लुगडं बदलून येते," ती म्हणाली. "दसऱ्याचं आलेत. दाराशी आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं. आणि भावाच्या घरी तरी किती दिवस."

"आई, तू येऊ नकोस."

ती उंबऱ्यात थांबली. माझ्याकडं बघितलं नाही.

"आणि तू?"

घाटात मी घाबरले होते, पण ती भीती हातापायांत होती. तिचं काहीतरी करता येत होतं. ही वेगळी होती. मी ओसरीवर गेले. तात्या पायात वहाणा घालून उभे होते. कपाळाला मामीनं फडकं बांधलं होतं.

"आई येत न्हाई," मी म्हणाले. "मीबी येत न्हाई."

"काय सांगितलंस तिला?"

"झालं ते."

"काय झालं?"

"तुम्हाला म्हाईत हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादं झाकण उघडावं आणि आत काय आहे ते कळू नये, तसं. मला वाटलं आता ते म्हणतील. खडीच्या ढिगावर म्हणाले होते, वळणावर म्हणाले होते, इथं तर उभं राहायला सपाट जमीन होती. मामाही बघत होता. आत दारामागं बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

"एकदा सांगितलं न्हवं," तात्या म्हणाले. "सावकाश चालव म्हणून."

मग ते मामाकडं वळले आणि स्टँडला कुठला रस्ता जवळचा ते विचारलं. मामा सोबत निघाला तर त्याला हातानंच नको म्हणाले. फाटक उघडलं, बाहेरून नीट लावलं, आणि चालायला लागले. टोपी नसल्यामुळं ते मला कोणीतरी दुसरेच वाटले. काजूच्या बागेपर्यंत मी त्यांना बघत राहिले. तिथं रस्ता वळतो.

"गेले?" आई आतून म्हणाली.

"गेले."

ती बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून तिची बोटं दिसत होती, चौकट धरलेली.

"परत बघ," ती म्हणाली.